निरोगी क्रमांक नऊ

…अर्ध्या गोळीची तुटलेली कड सरळ नव्हती. पाव कापायच्या फळीवर सुरीनं दाबून तोडली की ती कधीच सरळ तुटत नाही, एक बाजू जराशी फुगीर राहते आणि पिठासारखा एक कण फळीच्या चरीत जाऊन बसतो — तो कण बिसेर्का बोटाच्या टोकानं टिपून जिभेवर ठेवते, अकरा वर्षं ठेवते आहे, कारण अर्धी म्हणजे अर्धी, उगाच कमी नाही आणि जास्त नाही. आज त्या कणाला मिरचीचं बी चिकटलं होतं. सप्टेंबर म्हणजे आईचा मिरच्यांचा महिना. बाल्कनीत शेगडी, शेगडीवर लाल मोठाल्या मिरच्या, त्यांची काळी पडून सुटलेली सालं, आणि सर्बियातल्या या अख्ख्या निश शहराला लागलेला तो करपट गोड वास, पार उशीच्या अभ्र्यापर्यंत. बी तिखट नव्हतं. तिनं तेही गिळून टाकलं.

आईनं बाल्कनीतूनच विचारलं, व्हिटॅमिन घेतलंस का. घेतलं, ती म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी ती चार महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा आईनं शेजारीपाजारी सांगितलं होतं की पोरीचा मणका सरकलाय, हलायला मनाई आहे — आणि शेजारणी कोबीची पानं घेऊन आल्या होत्या, पाठीला बांधायला, आणि तिनं ती मुकाट बांधून घेतली होती, कारण नको म्हणायलासुद्धा आत कोणीतरी असावं लागतं, आणि तेव्हा आत कोणी नव्हतं. पुढे मणका बरा झाला. शेजारणी म्हणाल्या, बघा, कोबीला तोड नाही. गोळी मात्र राहिली, व्हिटॅमिनच्या बाटलीत, कारण आमच्या घरात असलं काही कुणाला नसतं… असतात त्या फक्त नसा. नसा इथं सगळ्यांनाच असतात, पोस्टमनला असतात, पाद्र्याला असतात. कॉफीबरोबर शेजारीण जिभेखाली ठेवायला शांततेची अर्धी गोळी देते आणि ते कुणी औषधात धरत नाही. पण त्याच नसांना एकदा डॉक्टरनं कागदावर नाव दिलं की माणूस कामातून गेला. मग त्याच्या पोरींना स्थळं येत नाहीत आणि त्याच्या हातचं लोणचं कुणी चाखत नाही.

कामावर जाताना तिची नजर विजेच्या खांबांवर असते. खांबांवर, औषधाच्या दुकानाच्या काचेवर, लिंडनच्या बुंध्यांवर काळ्या चौकटीतली पत्रकं — कोण गेलं, कुणाला चाळीस दिवस झाले, कुणाला वर्ष. त्यातली बरीच तिनं लिहिलेली. असं कधी ठरलं नव्हतं. पण खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याच्या बायकोला रडता रडता चार ओळी जमेनात तेव्हा तिनं लिहून दिल्या — ‘पंचावन्न वर्षं हा शहराच्या आधी उठला. आता शहरानं जरा हळू चालावं, त्याला झोपू द्यावं’ — आणि तेव्हापासून लोक येतच राहिले, कुणी अंडी घेऊन, कुणी मध घेऊन, माझ्या नवऱ्याचं लिही, माझ्या सासूचं लिही, पण खरं नको लिहू. सासूचं तिनं खरंच लिहिलं होतं: ‘भांडण अर्धवट टाकून ती कधी झोपली नाही. सगळी जिंकली.’ सून आधी चिडली, मग हसली, मग चौकट जरा जाड करा म्हणाली. बेकरीवाल्याचं लिहिलं तेव्हा भिंतीकडचं तोंड नुकतं इकडे वळलं होतं. सासूचं लिहिलं तेव्हा ती ठणठणीत होती, अर्धी गोळी घेऊन, बसच्या रांगेत. दोन्ही तिनंच लिहिली होती. एवढी साधी गोष्ट, पण ती मांडायला, बिसेर्का काम करते त्या संस्थेत कुठं जागा नव्हती.

संस्थेत ती मेंदूची चित्रं काढते. म्हणजे यंत्र काढतं. ती माणसाला आडवं करते, कानात बोळे घालते, डोक्याभोवती पिंजरा बसवते, हलू नका म्हणते, आणि काचेपलीकडे जाऊन बटणं दाबते. प्रोफेसर रादोयचिच यांचा प्रयोग तीन वर्षं चाललाय: एका बाजूला खचलेली, धास्तावलेली माणसं, दुसऱ्या बाजूला निरोगी, आणि दोघांनाही आत पडल्या पडल्या विचारायचं, विटेचे नवे उपयोग सांगा, छत्रीचे सांगा, आणि कुणाला काय सुचतं आणि सुचताना डोक्यात कुठं दिवा लागतो ते बघायचं. प्रोफेसरांचं म्हणणं ठाम आहे. दुःखी कलावंत ही भाकडकथा. नवं सुचतं ते निरोगी मेंदूला. आधी बरे व्हा, कला मागोमाग येते. पुराव्यादाखल यंत्राच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर दोन मोठी चित्रं लावली आहेत. डावीकडचा मेंदू निळसर, विझलेला, बदामाएवढी भीतीची जागा तेवढी लाल. उजवीकडचा पिवळा-नारिंगी, दिवाळीसारख्या उजेडाचा, सगळीकडे सगळं चालू. खाली लिहिलंय — निरोगी, क्रमांक नऊ.

नऊ म्हणजे ती.

तीन वर्षांपूर्वी निरोगी माणसं कमी पडत होती. आजारी मिळतात हो, निरोगी मिळत नाहीत — असं प्रोफेसर तेव्हा दिवसातून दोनदा म्हणायचे. मग इथल्या रीतीप्रमाणे ज्यानं त्यानं आपापली माणसं आणली. मेव्हणे आले, शेजारी आले, आणि प्रत्येकाचा कूम आला, लग्नात शेजारी उभा राहणारा तो साक्षीदार, रक्ताच्या भावाचा शब्द मोडता येईल, पण ज्याचा मोडता येत नाही. बाकावर सगळे ओळीनं बसलेले, आणि दारावरची ग्रोझदामावशी कॉफीचं लांब दांड्याचं भांडं एका हातात आणि फॉर्मांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेऊन एकेकाचा फॉर्म मोठ्यानं वाचत स्वतःच भरत होती, कारण चष्मे कुणी आणले नव्हते आणि मावशी सगळ्यांना ओळखतच होती. दारू? कधीमधी. हाडात स्टील? नाही. मनाच्या आजारासाठी कधी उपचार? — आणि इथं मावशी वर बघायचीसुद्धा नाही, स्वतःच म्हणायची, छे, आणि खूण करायची. बाकावर सतरा माणसं बसलेली असताना ‘हो’ कोण म्हणणार? उलट जो यंत्राच्या बोगद्याला घाबरला त्याला मावशीनं मायेनं अर्धी शांततेची गोळी दिली, कॉफीबरोबर. निरोगी गट यंत्रात शांत निजला. प्रोफेसर काचेतून बघून खूश झाले, म्हणाले, बघ बिसेर्का, निरोगी माणसाची भीती कशी निवांत असते. तरी एक माणूस कमीच पडत होता. तू तर धडधाकट आहेस, हो आडवी. मावशीनं तिचाही फॉर्म भरला. छे.

आणि आत पडल्यावर तिला सुचत गेलं… विटेचे उपयोग. वीट: मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर ठेवायची, म्हणजे चुकून कोणी बसणार नाही. वीट: घर वाटून घेतलेल्या दोन भावांच्या मध्ये ठेवायची, दोघांनाही एकदा तरी ‘घे, तुझी’ म्हणता येईल. तिघा परीक्षकांनी तिला सगळ्यांत वरचे गुण दिले होते. एकदा दुपारी एकटी असताना तिनं संगणकावर नवव्या ओळीवर बोट ठेवून ती ओळ काढून बघितली होती. दोन गटांतला फरक उरला नाही. तिनं घाईघाईनं ओळ परत घातली आणि हात धुऊन आली — हात का धुतले, कुणास ठाऊक.

आज सकाळी पहिला लाझार होता. रुग्ण गट. पन्नाशीचा, बँडमध्ये तुतारी वाजवणारा, लग्नांत आणि मयतांत. दीड वर्ष घरात बसलाय. दुसऱ्यांदा आला होता. आत जाताना त्यानं, इथं प्रत्येक जण म्हणतो तसंच, आधी पंखा बंद करायला सांगितलं, झोत कानात गेला तर मान धरते म्हणून, आणि तिनं बंद केला, आणि तो घामानं निथळत तक्रार न करता पडून राहिला. बाहेर आल्यावर जाकीट घालून तो भिंतीसमोर उभा राहिला. उजव्या चित्रासमोर. लोक देवळात उभे राहतात तसा, टोपी हातात घेऊन. बाकावर मावशी होती, आणि पहाटेची पाळी उरकून कॉफीला थांबलेल्या दोन बायका.

त्यानं चित्रावरची नजर न काढता सांगितलं की रविवारी तो तुतारी बँडला परत देणार आहे. प्रोफेसरांनी समजावलंय, आधी हे असं झालं पाहिजे — त्यानं टोपीनं चित्र दाखवलं — मग वाजवणं आपोआप येईल. आणि हे असं आपलं काही होत नाही. होणार असतं तर दीड वर्षात झालं असतं. मग तिला ठेवून काय करायचं, पितळ आहे, पडून काळं पडतं. हे सगळं तो भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता, आणि त्या आवाजाची बिसेर्काला चांगली ओळख होती. त्या आवाजाला रडू येत नाही हेच त्याचं लक्षण.

“ते माझं आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“ते चित्र. ते डोकं माझं आहे.”

लाझारनं तिच्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, चीडही नव्हती, नुसतं मानणं होतं.

“मग तुमचं बरंय, बाई,” तो म्हणाला.

आणि दुसरं वाक्य तिच्या ओठापर्यंत आलेलं होतं. ते फार लांब नव्हतं, अर्ध्या गोळीएवढंच होतं. पण मावशी कपात कॉफी ओतत होती, आणि त्या दोन बायका ऐकत होत्या, त्यातली एक आईच्या इमारतीतली… आणि कोबीची पानं, आणि मणका, आणि आईचं ते ‘व्हिटॅमिन घेतलंस का’… लाझारनं टोपी घातली आणि गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यात संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. लाज वाटली. लाज तिला नवी नव्हती, अकरा वर्षं ती आजाराची लाज बाळगून होती. पण ही दुसरीच होती, ही बरी दिसण्याची लाज होती, आणि ही सहन होईना.

ती नऊ नंबरच्या बाईकडे बघत राहिली. कोण ही? हिला कधी मणका नव्हता, हिनं कधी भिंत बघितली नाही, हिला सगळं सुचतं आणि काही दुखत नाही. हिच्यासाठी एक माणूस तुतारी टाकून देतोय. आणि सवयीनं हात सुरू व्हावा तसं डोक्यात सुरू झालं — ‘निरोगी क्रमांक नऊ. तीन वर्षं भिंतीवर हसतमुख राहून आज निवर्तली. तिच्या मागे कोणी नाही. ती कधी नव्हतीच, तरी तिनं पुष्कळांना लाजवलं.’ चौकट जाड. ती एकटीच हसली, आणि त्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

नाही, उलटं म्हणायला ती तयार नव्हती. गेल्या वर्षी व्हिएन्नाहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या, रेशमी गळपट्टा, ओले डोळे, आणि त्यांनी भाषणात सांगितलं होतं की वेदना ही कलेची आई. तेव्हाही बिसेर्काच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चार महिन्यांत एक ओळ सुचली नव्हती, बाई! एक ओळ नाही, केस विंचरायचं सुचलं नव्हतं, आणि तुम्ही त्याला आई म्हणता. आजारानं काही लिहिलं नाही. बरेपणानंही नाही. आजार होता तेव्हा मी होते, गोळी होती तेव्हाही मी होते, आणि बेकरीवाल्याला मी झोपवलं, ना तुमच्या लाल ठिपक्यानं, ना पिवळ्या उजेडानं. तुम्ही दोघं मिळून माझी वाटणी करता आणि मला विचारत नाही.

साडेअकराला प्रोफेसर आले, उत्साहात, दह्याचा पेला हातात, मिशीला न्याहारीच्या बुरेकचा, त्या चीज भरलेल्या भाजलेल्या पोळीचा, पापुद्रा. माणूस वाईट नाही. तिचे वडील गेले तेव्हा तिच्या रजेवर सही यांनीच केली, कारण न विचारता. म्हणाले की ऑक्टोबरच्या परिषदेत क्रमांक नऊ सगळ्यांत पुढच्या फलकावर जाणार, पण जुनं चित्र जरा धूसर आहे. नव्या पद्धतीनं एकदा पुन्हा काढू, वीस मिनिटांचं काम, मी स्वतः बसतो यंत्रावर, क्ष-किरण विभागातूनच वर आलोय मी. आणि हो, नियमानं फॉर्म नव्यानं भरावा लागेल. तेवढं मावशीकडून उरकून घे. ते आत गेले. ती मावशीशेजारी बाकावर जाऊन बसली.

मावशीनं चष्मा लावला, फॉर्म मांडीवर घेतला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, वाचायला लागली. वय? बेचाळीस. हाडात स्टील? नाही. पोटुशी? — कुठली, मावशीच म्हणाली, आणि त्या दोन बायका हसल्या. मनाच्या आजारासाठी कधी उपचार? छे —

“हो,” बिसेर्का म्हणाली.

मावशीचं पेन खूण करून मोकळं झालंही होतं. तिनं वर बघितलं. “‘हो’ काय?”

“हो लिही, मावशी. अकरा वर्षं. चालू आहे.”

आईच्या इमारतीतली बाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली, आणि ते काही केल्या सापडेना. मावशीनं मान पुढे करून आवाज एकदम खाली आणला, इतका खाली की तिच्या तोंडाचा कॉफीचा वास आला. पोरी, ती म्हणाली, आपलं हे ते नव्हे. ते खऱ्या आजाऱ्यांचं असतं. नसा सगळ्यांनाच असतात. माझा मिलुतिन गेला तेव्हापासून मीसुद्धा रोज एक घेते, कधी दोन. “मी काय वेडी आहे?”

“नाहीस. मीही नाही. पेन दे.”

“अगं, तुझ्या आईला काय तोंड दाखवशील?”

“हेच. दुसरं कुठून आणू?” आणि तिनं मावशीच्या बोटांतून पेन काढून घेतलं, ओढून नाही, पण सुटेपर्यंत धरून, आणि मावशीची खूण आडव्या रेघेनं खोडली, शेजारच्या चौकोनात दुसरी केली, खाली औषधाचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली, सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. मावशी खोडलेल्या खुणेकडे बघत होती. मग तिनं हळूच, जणू कुणाचं तरी चुकून उघडं राहिलेलं झाकावं तसा, फॉर्म उलटा केला आणि प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवायला घेऊन गेली. गठ्ठ्याच्या सगळ्यांत वर ठेवला की खाली, ते बिसेर्कानं विचारलं नाही.

…आणि आता डोक्याभोवती पिंजरा, कानात बोळे, हातात हवेचा रबरी फुगा — घाबरलात तर दाबा. शेकडो लोकांच्या हातात तिनं हा दिलाय. तो इतका लुसलुशीत असतो हे ती विसरली होती. बोगद्याचं छत नाकापासून वीतभर, डोळ्यांवर छोटा आरसा, आरशात पायांपलीकडची काच, काचेत प्रोफेसरांचं टक्कल. त्यांनी विचारलं, तयार? ती म्हणाली, तयार. यंत्राचा पंप तेवढा चिक्-चिक् करत होता. टक्कल खाली झुकलं, बराच वेळ खालीच राहिलं. कागद उलटल्याचा आवाज माईकमधून आला. ते वाचत होते. म्हणजे वरच ठेवला होता मावशीनं.

“बिसेर्का,” कानात त्यांचा आवाज आला, सावकाश, लहान मुलाला झोपेतून उठवावं तसा. “फॉर्मवर चूक झालीय. सातवा प्रश्न. गडबडीत होतं असं. मी नवा फॉर्म घेतो, तू फक्त हो म्हण.”

तिला काही त्यांचा राग आला नाही. त्यांची तीन वर्षं तिला दिसत होती, परिषद दिसत होती, फलक दिसत होता, त्या आवाजामागची भीतीही दिसत होती — बदामाएवढी, लाल. त्यासाठी यंत्र लागत नाही.

“चूक मागच्या वेळी झाली होती, सर,” ती म्हणाली. “आणि निरोगी गटातल्या बाकीच्यांनाही पुन्हा विचारा. एकेकट्याला. मावशी नसताना.”

माईक बंद झाल्याची खट् ऐकू आली. यंत्र सुरू होईना, पलंग बाहेर सरकेना. बाहेर दार उघडलं असेल, कोणी कुणाला हाक मारली असेल, आईच्या इमारतीतली ती बाई एव्हाना बसस्टॉपवर असेल, आणि शेगडीवरच्या मिरच्या उतरायच्या आत बातमी पाचव्या मजल्यावर आईपर्यंत पोचेल. आई काय म्हणेल, किंवा काही म्हणणारच नाही, हे जास्त वाईट… लाझारकडे रविवारपर्यंत चार दिवस होते, त्याचा पत्ता तिच्या नोंदवहीत होता, आणि ते दुसरं वाक्य आता ओठाशी अडत नव्हतं, ती ते आत्तासुद्धा मनात म्हणून बघत होती, आणि ते अगदीच साधं होतं. त्यानं ऐकून काय करावं ते तो बघेल. भीती वाटायची वेळ झाली होती. ती आली, येऊन बाजूला बसली, न बोलावता आलेल्या नातेवाइकासारखी, आणि बिसेर्कानं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. फुगा तिनं हातातून काढून मांडीशेजारी ठेवून दिला. चालू करा, नाहीतर बाहेर काढा. भिंतीवर डावीकडे लावा, उजवीकडे लावा, नाहीतर केराच्या टोपलीत टाका — माझा रकाना मी भरलाय. तुमचे तुम्ही भरा.